मादलाँचा वाफा

ज्याँ जाक रूसो या नावाशी आपल्याकडील सुशिक्षित वाचकाचा परिचय असतो तो सामाजिक कराराचा सिद्धान्त मांडणारा तत्त्वज्ञ म्हणून. फार तर ‘एमिल’ हा शिक्षणविषयक ग्रंथ लिहून स्वतःची पाच अपत्ये मात्र अनाथालयाच्या हवाली करणारा एक विसंगत पुरुष म्हणून. परंतु आयुष्याच्या उतरणीवर याच गृहस्थाने एका चार वर्षांच्या मुलीला घरच्या बागेतून वनस्पतिशास्त्र कसे शिकवावे, हे तिच्या आईला आठ पत्रांतून समजावून सांगितले. आणि शिक्षक म्हणून रूसो खरा भेटतो तो या पत्रांत, ‘एमिल’मध्ये नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘एमिल’मध्ये बाग नाही असे नाही. मालकी म्हणजे काय हे कळावे म्हणून तेथे मुलाकडून शेंगांचे बी लावून घेतले जाते, तो रोज कौतुकाने पाणी घालतो, आणि एके दिवशी पाहतो तो सारी रोपे उपटलेली. कारण रोबेर माळ्याने त्याच जागी आधी खरबुजे लावलेली होती. तक्रार होते, तडजोड होते, मुलाला अखेर एक कोपरा तोडून मिळतो; थोडक्यात, त्या वाफ्यात उगवते ते हक्काचे आणि वहिवाटीचे ज्ञान. त्या शेंगेचे फूल कसे असते हे पाहायला मात्र तेथे कोणी वाकत नाही.

वाकण्याची पाळी पुढे लेखकावरच आली. १७६२ च्या जून महिन्यात पॅरिसच्या न्यायसभेने ‘एमिल’ जाळण्याचा हुकूम दिला, लेखकाच्या अटकेचे फर्मान सुटले, आणि त्याची जन्मभूमी जिनिव्हा हिनेही तोच कित्ता गिरवून ग्रंथाची होळी केली. परागंदा झालेल्या रूसोला बुआ द ला तूर घराण्यातील एका विधवा बाईंनी मोतिए गावचे आपले घर राहावयास दिले. वनस्पतींचा नाद त्याला तेथेच लागला. आणि गावकऱ्यांनी दगड मारून तेथूनही हुसकल्यावर बियेन सरोवरातील सेंट पीटर बेटावर तो लिनीअसचा ग्रंथ काखोटीला मारून, हाती भिंग घेऊन, सहाएक आठवडे गवतातून हिंडत राहिला.

त्या उपकारकर्त्या बाईंची कन्या मादाम देलेसेर ही लियाँ शहरातील एका पेढीवाल्याची पत्नी, आणि मादलाँ ही तिची मुलगी. मुलीची चंचल वृत्ती एखाद्या रमणीय विषयात गुंतवावी अशी आईची इच्छा होती. रूसो तेव्हा पॅरिसमध्ये संगीताच्या नकला उतरवून गुजराण करीत होता. २२ ऑगस्ट १७७१ च्या पहिल्याच पत्रात त्याने बजावले, की एकाही झाडाचे नाव ठाऊक नसलेला मनुष्यसुद्धा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ होऊ शकतो. तेव्हा नावे नंतर, आधी हे लिलीचे फूल उघडून पाहा. आईने प्रथम स्वतः पाहावयाचे आणि मग मुलीला दाखवावयाचे, ही रीत.

मध्ये हिवाळा गेला आणि मे १७७२ मध्ये वाटाण्याच्या फुलाचे पत्र आले. मागची रुंद पाकळी, तिच्या पुढे दोन पंख आणि तळाशी होडी, असे हे फूल एकेक पाकळी हलक्या हाताने सुटी करीत उकलावयाचे. होडीच्या आत दहा पुंकेसर सापडतात. त्यांतले नऊ एकमेकांस जुळून कोवळ्या शेंगेभोवती म्यान करतात आणि दहावा तेवढा सुटा राहतो, तो वेगळा झाला की पोसणाऱ्या शेंगेला फुगावयास वाट मिळते. बाजारातला वाटाणा सोलणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी त्या दहाव्या केसराची विचारपूस केली आहे?

पाचवे पत्र तर थेट स्वयंपाकघरामागील वाफ्यात जाते. तेथे पार्सली, म्हणजे आपल्या कोथिंबिरीची चुलत बहीण, लावलेली असते, आणि तिच्यात तशाच चिरलेल्या पानांचे एक विषारी तण बेमालूम मिसळून उगवते. रूसो खूण सांगतो: त्याच्या फुलोऱ्यातील प्रत्येक लहान छत्रीखाली तीन लांब, टोकदार पाने, तीही केवळ बाहेरच्या अंगास, खाली लोंबत असतात. येथे नाव पाठ असून काय उपयोग!

बागवानांच्या कौशल्याचे मात्र त्याला काडीचे कौतुक नव्हते. केसरांच्या पाकळ्या होऊन बीजाला मुकलेली दुहेरी फुले त्याच्या लेखी विद्रूप. मुलीला ती दाखवू नका, त्यांत निसर्ग उरलेला नाही, असे तो लिहितो. दुहेरी जास्वंदीवर जीव असलेल्या माझ्यासारख्याला हे थोडे बोचते, पण शिकवणाऱ्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे खोडता येत नाही.

रूसो १७७८ मध्ये वारल्यानंतर ही पत्रे छापली गेली. १७८५ मध्ये केंब्रिजच्या टॉमस मार्टिन यांनी ती इंग्रजीत आणली आणि चोवीस पत्रे पदरची जोडली. मादलाँसाठी रूसोने स्वहस्ते वाळवलेल्या वनस्पतींचा एक छोटा संग्रहही तयार केला होता. ही पत्रे चालू असतानाच, १७७३ मध्ये, तिचा धाकटा भाऊ बेंजामिन जन्मला. बीटच्या साखरेच्या उद्योगात नाव काढलेल्या या बेंजामिनने पुढे वाळवलेल्या वनस्पतींचा युरोपात गाजलेला संग्रह उभारला, आणि १८६९ मध्ये त्याच्या वारसांनी तो दान केला तो जिनिव्हाला, ज्या शहराने ‘एमिल’ जाळला होता त्यालाच. आजही तो तेथे आहे.