‘स्पाऊस’ शब्दाचा अर्थनिर्णय आणि समलिंगी जोडप्यांचा प्रवेशाधिकार

परकीय मनुष्यास आपल्या देशात येऊन राहू द्यावयाचे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता राज्यसत्तेचा व सीमारक्षणाचा आहे. परंतु त्याचा निकाल पुष्कळदा कायद्यातील एखाद्या शब्दाच्या अर्थावर लागतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत समलिंगी जोडप्यांना एकत्र राहण्यासाठी व्हिसा मिळावा की नाही, हा वाद सुमारे चाळीस वर्षे चालला आणि तो मुख्यतः ‘स्पाऊस’ या एका शब्दाभोवती फिरत राहिला. शब्दाचा अर्थ कोणी ठरवावयाचा, कोशकाराने, विधिमंडळाने, न्यायाधीशाने की तो शब्द जगणाऱ्या माणसांनी, हा भाषाभ्यासकांच्या नित्य परिचयाचा प्रश्न आहे. या प्रकरणात मात्र त्याच्या उत्तरावर दोन माणसांचे घर अवलंबून होते.

या शब्दाची पूर्वपीठिका उद्बोधक आहे. लॅटिनमधील ‘स्पोन्देरे’ म्हणजे वचन देणे. त्यापासून वचनबद्ध पुरुष तो ‘स्पोन्सुस’ आणि वचनबद्ध स्त्री ती ‘स्पोन्सा’ अशी दोन रूपे झाली. जुन्या फ्रेंचमध्येही हा लिंगभेद टिकून होता. इंग्रजीत येताना दोन्ही रूपे एक झाली आणि ‘स्पाऊस’ हा पती व पत्नी या दोहोंस समान लागू पडणारा शब्द उरला. म्हणजे व्युत्पत्तीने पाहता या शब्दाचा गाभा वचन हा आहे, आणि रूपाने पाहता त्यात लिंगाचा निर्देश नाही. व्याकरणातील लिंग नाहीसे झाले तरी समाजाच्या मनातील गृहीतक मात्र नाहीसे झाले नव्हते. पुढील सर्व वादाचे मूळ या अंतरात आहे.

1952 साली अमेरिकेत जो आप्रवासन व राष्ट्रीयत्वविषयक कायदा झाला, त्यात नागरिकाच्या ‘स्पाऊस’ला निकटच्या नातलगाचे स्थान देऊन संख्येच्या मर्यादेबाहेर प्रवेश देण्याची तजवीज होती. पण ‘स्पाऊस’ म्हणजे कोण, हे कायद्याने सांगितले नाही. कोण नव्हे एवढेच सांगितले. वधूवर एकमेकांसमोर प्रत्यक्ष हजर नसताना लावलेल्या लग्नातील जोडीदार, तो विवाह पुढे शरीरसंबंधाने पूर्ण झालेला नसल्यास, या संज्ञेत येणार नाही, एवढीच ती नकारात्मक व्याख्या होती. दोघांचे लिंग भिन्न असावे, असे तिच्यात कोठेही म्हटलेले नव्हते.

त्याच कायद्यात दुसरा एक शब्दप्रयोग होता. ‘मनोविकृत व्यक्तिमत्त्व’ असलेल्या परकीयास प्रवेश नाकारावा, असे त्यात म्हटले होते, आणि समलिंगी व्यक्तींना त्या सदरात घालण्याचा प्रघात होता. 1962 साली पश्चिमेकडील नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने हा शब्दप्रयोग इतका संदिग्ध आहे की त्यावरून कोणास हद्दपार करणे घटनेस धरून होणार नाही, असा अभिप्राय दिला. तेव्हा 1965 साली काँग्रेसने ‘लैंगिक विचलन’ हे शब्द कायद्यात घालून संदिग्धता दूर केली. 1967 मध्ये बुटिलिए या कॅनेडियन इसमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हद्दपारी कायम केली. 1952 च्या कायद्यातील हा शब्दप्रयोग वैद्यकीय अर्थाने योजलेला नसून समलिंगी व्यक्तींना वगळण्यासाठीच काँग्रेसने तो वापरला, असे न्यायालयाचे म्हणणे होते. शब्दाचा शास्त्रीय अर्थ येथे बाजूस सारला गेला आणि विधिमंडळाचा हेतू प्रमाण मानला गेला. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी.

अशा परिस्थितीत 1971 साली लॉस एंजेलिस येथे रिचर्ड ॲडम्स आणि अँथनी सलिव्हन यांची गाठ पडली. ॲडम्स हे मनिला येथे जन्मलेले व अमेरिकेचे नागरिक झालेले. सलिव्हन हे ऑस्ट्रेलियाचे. सलिव्हन यांच्या मुक्कामाची मुदत संपत आली की दोघांपुढे वियोगाचा प्रश्न उभा राही. 1975 च्या मार्च महिन्यात कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथील काउंटी क्लार्क क्लेला रोरेक्स यांनी राज्याच्या विवाहविषयक कायद्यात समलिंगी जोडप्यांना मनाई करणारा शब्द आढळत नाही या आधारावर अशा एका जोडप्यास विवाहाचा परवाना दिला. राज्याच्या महाधिवक्त्याने विरुद्ध मत देईपर्यंत एकूण सहा जोडप्यांना असे परवाने मिळाले. 21 एप्रिल 1975 रोजी ॲडम्स आणि सलिव्हन यांनी तेथे विवाह केला आणि त्याच्या आधारे ॲडम्स यांनी आपल्या ‘स्पाऊस’साठी कायम वास्तव्याचा अर्ज केला.

नोव्हेंबर 1975 मध्ये आप्रवासन खात्याचे उत्तर आले. एका वाक्याचेच ते पत्र होते. दोघांमध्ये खरेखुरे वैवाहिक नाते असू शकते हे अर्जदार सिद्ध करू शकलेला नाही, असा त्याचा आशय. पण ‘दोन पुरुष’ असे न म्हणता त्या जागी समलिंगी पुरुषांसाठी रस्त्यावर वापरली जाणारी शिवी सरकारी कागदावर टंकलिखित केलेली होती. पुढे खात्याने सौम्य भाषेचे दुसरे पत्र पाठविले, आणि त्यात विवाहातील स्त्रीचे कार्य या दोघांपैकी कोणासही करता येणार नाही असे कारण दिले. शब्द बदलले, निर्णय तोच राहिला. भाषेचा सभ्यपणा आणि निर्णयाचा न्याय या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावयास नको.

ॲडम्स यांनी न्यायालयात धाव घेतली. 1980 साली जिल्हा न्यायालयाने व 1982 साली नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिला. अपील न्यायालयाची विचारपद्धती द्विस्तरी होती. विवाह राज्याच्या कायद्याने वैध आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि वैध असल्यास तो आप्रवासन कायद्याच्या दृष्टीने ‘विवाह’ ठरतो काय, हा दुसरा. पहिल्याचा निर्णय न देताच न्यायालयाने दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी दिले. कायद्याने व्याख्या केलेली नसेल तर शब्द त्याच्या सामान्य, प्रचलित अर्थाने घ्यावा, आणि ‘विवाह’ या शब्दाचा सामान्य अर्थ स्त्रीपुरुषांमधील संबंध असा आहे, असे न्यायालयाने सांगितले व त्यासाठी वेब्स्टरच्या बृहत्कोशाचा आणि ब्लॅकच्या विधिकोशाचा हवाला दिला. शिवाय ज्या कायद्याने 1965 पासून समलिंगी व्यक्तींना स्पष्ट शब्दांत दाराबाहेर ठेवले, तोच कायदा त्यांना ‘स्पाऊस’ म्हणून अग्रक्रमाने आत घेईल हे संभवत नाही, असाही युक्तिवाद त्यात होता.

या युक्तिवादाचा दुसरा भाग बलवान आहे हे मान्य केले पाहिजे. कारण एकाच कायद्यातील दोन कलमे परस्परांच्या प्रकाशात वाचणे हा अर्थनिर्णयाचा सर्वमान्य नियम आहे. पहिला भाग मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. कोश हा प्रयोगांची नोंद करतो. भविष्यातील प्रयोगांस मनाई करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. 2003 साली मेरियम-वेब्स्टरच्या महाविद्यालयीन कोशाच्या अकराव्या आवृत्तीत ‘विवाह’ या शब्दाखाली समान लिंगाच्या व्यक्तींच्या संबंधाचा उल्लेख करणारा उपार्थ दाखल झाला. तेव्हा जो दाखला 1982 मध्ये निर्णायक मानला गेला, तो एकवीस वर्षांनी त्याच घराण्यातील कोशाने अपुरा ठरविला. आणखी एक विसंगती अशी की 1967 मध्ये ‘मनोविकृत’ या शब्दाचा शास्त्रीय अर्थ सोडून विधिमंडळाचा हेतू घेतला गेला आणि 1982 मध्ये ‘स्पाऊस’चा कोशगत अर्थ पुढे करण्यात आला. पद्धती दोन, फल एकच.

यानंतर सलिव्हन यांनी हद्दपारीमुळे अत्यंत हालअपेष्टा होतील या कारणावरून सवलत मागितली. 1985 साली तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी ती नाकारली. निकालपत्र लिहिणारे न्यायाधीश अँथनी केनेडी यांच्या मते हद्दपारीत वैयक्तिक क्लेश बहुधा असतातच, आणि दीर्घ सहवास तुटण्याचे दुःख हे कायद्याला अभिप्रेत असलेल्या असाधारण हालांपर्यंत पोहोचत नाही. न्यायाधीश प्रेगर्सन यांनी भिन्नमतपत्रिका जोडून जोडीदाराच्या वियोगाचे दुःख खात्याने विचारातच घेतले नाही, असा आक्षेप नोंदविला. ‘स्पाऊस’ हा शब्द नाकारला गेल्यावर ‘वियोग’ या शब्दाचेही वजन कमी झाले, ही या निकालातील खरी शोकांतिका होय. ॲडम्स यांना ऑस्ट्रेलियाने वास्तव्य नाकारलेले होते. म्हणून दोघेही 1985 च्या अखेरीस अमेरिका सोडून युरोपात गेले. सुमारे वर्षभराने ते परतले आणि लॉस एंजेलिसमध्ये गाजावाजा न करता राहू लागले.

इतर देशांनी या काळात वेगळा मार्ग धरला. जुन्या शब्दाचा अर्थ विस्तारण्याऐवजी त्यांनी नवी संज्ञा घडविली. ऑस्ट्रेलियाने 1991 साली ‘परस्परावलंबन’ या नावाचा व्हिसाप्रकार काढला. त्यात समलिंगी जोडीदारांचा समावेश होत असे, पण नाव मात्र विवाहाच्या आसपासही फिरकत नव्हते. ब्रिटनने 1997 साली अविवाहित जोडीदारांसाठी सवलत जाहीर केली आणि ‘विवाहासदृश नाते’ असा शब्दप्रयोग योजला. आरंभी चार वर्षांच्या सहवासाची अट होती, ती 1999 मध्ये दोन वर्षांवर आली. कॅनडाने 2002 मध्ये अमलात आलेल्या कायद्यात सहवासी जोडीदारांस स्थान दिले. अमेरिकेतही 2000 सालापासून प्रतिनिधी जेरॉल्ड नॅडलर यांनी ‘स्पाऊस’ या शब्दापुढे ‘किंवा कायमचा जोडीदार’ हे शब्द घालणारे विधेयक पुनःपुन्हा मांडले. ते मंजूर झाले नाही. नव्या संज्ञेची सोय अशी की जुन्या शब्दाचे अभिमानी दुखावत नाहीत. तिची उणीव अशी की ‘सदृश’ या शब्दातच ‘तेच नव्हे’ हा अर्थ दडलेला असतो.

अमेरिकेत 1990 च्या आप्रवासन कायद्याने समलिंगी व्यक्तींना वगळणारे कलम रद्द केले. म्हणजे 1982 च्या निकालातील बलवान आधार कोसळला. तरीही निकाल उभा राहिला. उलट 1996 साली विवाहरक्षणाच्या नावाने जो कायदा झाला, त्याने संघराज्याच्या सर्व कायद्यांपुरती ‘स्पाऊस’ची स्पष्ट व्याख्या केली: भिन्न लिंगाची, पती किंवा पत्नी असलेली व्यक्ती. शब्दाचा सामान्य अर्थ खरोखरच निर्विवाद असता, तर त्याची व्याख्या करण्याची निकड भासली नसती. 26 जून 2013 रोजी विंडसर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले, आणि ते निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते अँथनी केनेडी. दोन दिवसांनी फ्लोरिडातील एका समलिंगी जोडप्याचा अर्ज मंजूर झाला. जुलै 2013 मध्ये झेलेनियाक प्रकरणात आप्रवासन अपील मंडळाने 1996 च्या कायद्याचा अडसर उरला नसल्याचे सांगून, विवाह जेथे झाला तेथील कायद्याने तो वैध असला म्हणजे पुरे, हे तत्त्व लागू केले. 1982 चा दुसरा प्रश्न अशा रीतीने गळून पडला.

युरोपात हाच प्रश्न 2018 मध्ये निकाली निघाला. रुमानियाचे नागरिक एड्रियन कोमन यांनी 2010 साली ब्रुसेल्स येथे एका अमेरिकन पुरुषाशी विवाह केला होता. जोडीदाराच्या वास्तव्यास रुमानियाने हरकत घेतली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 5 जून 2018 रोजी निर्णय दिला की मुक्त संचाराविषयीच्या निर्देशातील ‘स्पाऊस’ हा शब्द लिंगनिरपेक्ष आहे. लॅटिनमधून निघालेल्या शब्दाने प्रवासात जे लिंग टाकून दिले होते, ते कायद्यानेही टाकले, असे या निर्णयाचे भाषिक तात्पर्य सांगता येईल.

भारतीय कायद्यासही हा प्रश्न परका नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्यातील परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डासंबंधीच्या 7-अ या कलमात ‘परदेशी मूळ असलेला स्पाऊस’ असा लिंगनिरपेक्ष शब्द आहे, आणि त्याच्या अर्थाविषयी दिल्ली उच्च न्यायालयात वाद मांडला गेला. 1969 च्या परदेशी विवाह कायद्यात मात्र वयाच्या अटीत ‘वर’ आणि ‘वधू’ हे शब्द स्पष्ट आहेत. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्यास नकार दिला व तो विषय विधिमंडळाचा मानला. 2025 च्या जानेवारीत पुनर्विलोकनाचे अर्जही फेटाळले गेले. मराठीपुरते पाहावयाचे तर ‘दंपती’ हा शब्द दोघांस मिळून आहे. एकट्यासाठी मात्र ‘पती’ किंवा ‘पत्नी’ असेच म्हणावे लागते. ‘जोडीदार’ म्हटले तरी शेजारी ‘जोडीदारीण’ उभी असते. परदेशी विवाह करून आलेल्या समलिंगी जोडप्यास मराठी छापील अर्जात कोणत्या रकान्यात बसवावयाचे, हा केवळ कोशकारांचा प्रश्न उरलेला नाही.

रिचर्ड ॲडम्स यांचे 17 डिसेंबर 2012 रोजी, विंडसर निकालाच्या सहा महिने आधी, निधन झाले. 2014 साली आप्रवासन सेवेचे संचालक लिओन रोड्रिगेझ यांनी 1975 च्या पत्राबद्दल सलिव्हन यांची लेखी क्षमा मागितली. 1975 चा अर्ज पुन्हा विचारात घेतला गेला, आणि 2016 च्या एप्रिलमध्ये, विवाहास एक्केचाळीस वर्षे पूर्ण होत असताना, सलिव्हन यांना कायम वास्तव्याचे कार्ड मिळाले. ते मिळाले अमेरिकन नागरिकाचा विधुर या नात्याने. कायद्याने त्यांना ‘स्पाऊस’ म्हटले खरे. परंतु ज्याच्यामुळे तो शब्द लागू पडावयाचा, तो तेव्हा हयात नव्हता. 2020 च्या नोव्हेंबरात सलिव्हन हेही निवर्तले.

शब्दांचे अर्थ बदलतात आणि बहुधा सावकाश बदलतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने चाळीस वर्षांचा काळ अत्यल्पच म्हणावा लागेल. पण माणसाच्या आयुष्यात तो जवळजवळ सर्वस्व असतो. कायद्याने एखाद्या शब्दाच्या ‘सामान्य’ अर्थावर विसंबताना तो सामान्य कोणासाठी आहे, हा प्रश्न विचारला पाहिजे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.