बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची मुले : शाळा, वसतिगृह व लोकाश्रय

बालाघाटच्या डोंगररांगेने बीड जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग पाडले आहेत. घाटाखाली गोदावरीच्या काठची काळी जमीन आहे. घाटावर पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, धारूर ह्या बाजूंना हलकी, उताराची व पावसाच्या लहरीवर सोडलेली जमीन आहे. ह्या डोंगराळ पट्ट्यातील गावांमधून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसे बाहेर पडतात व चैत्र-वैशाखात परत येतात. मधल्या पाच-सहा महिन्यांत गावातील प्राथमिक शाळेची इमारत, शिक्षक व फळा ही सर्व जागच्या जागी असतात. पटावरील काही मुले मात्र नसतात. महाराष्ट्रातील वसतिगृहांच्या इतिहासात ही परिस्थिती काहीशी उलट्या प्रकारची आहे, आणि ह्या मुलांच्या साहाय्यासाठी जे जे प्रयत्न झाले त्यांचे यशापयश समजून घ्यावयाचे तर आरंभ येथूनच करावयास हवा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत खेड्यातील गरीब मुलापुढील अडचण शाळा दूर असण्याची होती. घर होते, पण शाळा नव्हती. निदान प्राथमिक इयत्तांपुढची नव्हती. ह्याच अडचणीवरील उपाय म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगास आश्रय दिला व पुढे जैन, मुसलमान, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालू केले. त्या वसतिगृहाचा भार खेडोपाडी जमविलेल्या मूठ-मूठ धान्यावर व लक्ष्मीबाई पाटील ह्यांच्या अंगावरील दागिन्यांवर पडला. दात्याचे दान आणि विद्यार्थ्याचे श्रम ह्या दोन पायांवर ही संस्था उभी राहिली. मुलाला शाळेजवळ आणून ठेवणे, हा ह्या सर्व उद्योगांचा समान हेतू होय.

बीड जिल्हा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील प्रश्न आणखी बिकट होता. माध्यमिक व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचेही माध्यम तेच. मराठी शाळा काढणे हेच मुळी राजकीय धैर्याचे काम होते. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत काम केल्यावर स्वामी रामानंद तीर्थ १९३५ मध्ये अंबाजोगाईस, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेस आले व योगेश्वरी नूतन विद्यालयाशी त्यांचे नाव जोडले गेले. बाबासाहेब परांजपे ह्यांच्यासारखे सहकारी त्यांस लाभले. ह्या शाळेतून हैदराबाद मुक्तिसंग्रामाला कार्यकर्ते मिळाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस जे महाविद्यालय काढले (पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले) त्याच्या वसतिगृहांनी मराठवाड्यातील दलित तरुणांस उच्च शिक्षणाचे दार उघडले. परंतु हे सर्व कार्य पुन्हा त्याच वर्गासाठी होते, ज्याचे घर एका जागी होते व शाळा दुसऱ्या जागी.

ह्यानंतरच्या काळात खेडोपाडी जिल्हा परिषदेच्या शाळा पोहोचल्या. म्हणजे जुनी अडचण बऱ्याच अंशी दूर झाली, आणि नेमके त्याच सुमारास घरच हलू लागले.

प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या ह्या कारखान्याच्या पाठोपाठ नगर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर ह्या जिल्ह्यांत कारखान्यांची मालिका निर्माण झाली. ऊस तोडल्यावर त्यातील साखरेचा उतारा झपाट्याने घटतो. म्हणून तो तोडणारे हात मोठ्या संख्येने व एकाच वेळी हवे असतात, आणि ते वर्षातून काही महिनेच हवे असतात. बागाईत जिल्ह्यांतील मजूर ह्या कामास पुरेनात. बालाघाटावरील शेतकऱ्याजवळ मात्र खरिपाच्या काढणीनंतर काम नसे; त्याच्याजवळ बैलजोडी असे आणि डोक्यावर देणे असे. १९७२ च्या दुष्काळाने ह्या प्रवाहास जोर आला. पुढे जिल्ह्यात माजलगावचे धरण झाले, कारखानेही निघाले. तथापि घाटावरची हलकी जमीन आहे तशीच राहिली आणि स्थलांतर थांबले नाही.

ह्या धंद्याची रचना मुलांच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. मुकादम हंगामापूर्वी 'उचल' देतो व कामगार ती श्रमाने फेडतो. हिशेबाचे एकक एक माणूस नसून 'कोयता' होय, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या मजुरास 'अर्धा कोयता' म्हणतात. ज्या व्यवस्थेत आई व बाप हे दोघे मिळून एक मजूर गणले जातात, तेथे मूल कोठे राहावे ह्याचा विचार त्या व्यवस्थेने केलेला नसतो, हे उघड आहे. आजी-आजोबा धडधाकट असतील तर लहान मूल गावी राहते. नसतील तर ते कोपीवर जाते. तेथे मोठी मुलगी धाकट्यास सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते; मुलगा वाढे गोळा करतो, बैलांना वैरण घालतो आणि बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याच्या हाती कोयता येतो.

ह्या मुलांसाठी पहिला व्यवस्थित प्रयत्न झाला तो शाळा त्यांच्यामागे नेण्याचा. ह्यालाच 'साखरशाळा' हे नाव मिळाले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात औरंगाबादच्या 'जनार्थ' संस्थेने पश्चिम महाराष्ट्रातील अनेक कारखान्यांच्या परिसरात अशा शाळा चालविल्या, त्यांस देशाबाहेरील दात्यांचेही साहाय्य मिळाले आणि काही कारखान्यांनी जागा व निवारा दिला. पाचटाच्या कोप्यांच्या वस्तीतच वर्ग भरत. हंगाम संपल्यावर मूल आपल्या गावच्या शाळेत परत जाई व साखरशाळेतील अभ्यास तेथे गृहीत धरला जावा अशी योजना होती. शाळेपूर्वीच्या वयाच्या मुलांस सांभाळण्याची सोयही काही ठिकाणी केली गेली. तिचे महत्त्व त्या वेळी फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही.

साखरशाळांची मर्यादा त्यांच्या चालकांच्या उत्साहात शोधणे अन्यायाचे होईल. ती ऊसवाहतुकीच्या पद्धतीत होती. बैलगाडीने ऊस वाहणारे कामगार कारखान्याच्या आसपास एका जागी हंगामभर उतरत. त्यांची शेकडो कोप्यांची वस्ती होई व तेथे शाळा भरविणे शक्य असे. ट्रक किंवा ट्रॅक्टर भरून देणाऱ्या टोळ्यांचे तसे नव्हते. ह्या लहान लहान टोळ्या फडाबरोबर हलत, आज एका शिवारात तर पंधरा दिवसांनी दुसऱ्या. त्यांच्यामागे शाळा धावू शकत नव्हती. ट्रॅक्टरांचे प्रमाण जसजसे वाढत गेले तसतसा साखरशाळेचा पायाच आकुंचित झाला. शिवाय एक आक्षेप शिक्षणक्षेत्रातूनच येऊ लागला होता : फडाजवळचे मूल शाळेत असले तरी फडापासून दूर नसते, सकाळी पाटी व दुपारी मोळी, असा त्याचा दिवस जातो.

२००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात स्थलांतरित कुटुंबांतील बालकांस प्रवेश देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले गेले, वयानुरूप वर्गात बसविण्याची व त्यासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद झाली, आणि एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क मिळाला. अनौपचारिक शाळांचे दिवस ह्यानंतर संपत आले. मूल जेथे असेल तेथील नियमित शाळेने त्यास घ्यावे, हे तत्त्व निर्दोष होते. पण जानेवारीत सांगली जिल्ह्यातील एखाद्या शाळेत येणारे व मार्चमध्ये नाहीसे होणारे मूल त्या शाळेस पाहुणे वाटे, आणि बीडकडील शाळेस ते पटावरून कमी करणे परवडत नसे. आठवीपर्यंत कोणास मागे ठेवावयाचे नाही, ह्या तेव्हाच्या नियमामुळे ते पुढच्या वर्गात जाई. वाचता येवो वा न येवो.

म्हणून दुसरा मार्ग पुढे आला : मुलास गावीच ठेवणे. सर्व शिक्षा अभियानाखाली सुरू झालेली हंगामी वसतिगृहे ती हीच. गावच्या शाळेत, शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली, आईबाप परत येईपर्यंत मुलांस दोन वेळचे जेवण द्यावयाचे, अशी ही सोय. स्वयंपाक गावातीलच बायांनी करावयाचा. नाव वसतिगृहाचे असले तरी पुष्कळ ठिकाणी मुले जेवत शाळेत व निजत आजीजवळ. ही गोष्ट टीकाकारांनी दोष म्हणून सांगितली. वस्तुतः सहा-सात वर्षांच्या मुलास अनोळखी खोलीत निजविण्यापेक्षा हे बरे होते. दोष होता तो ज्यांना आजीच नाही त्यांच्यासाठी निराळी व्यवस्था नसण्यात. कागदावरील मुले व पंगतीतील मुले ह्यांचा मेळ बसत नसल्याच्या तक्रारीही झाल्या, हजेरीसाठी यंत्रे आणण्याची वेळ आली. अनुदान उशिरा येणे हा तर ह्या योजनेचा नित्याचा अनुभव. हंगाम कोणासाठी थांबत नाही. वसतिगृह महिनाभर उशिरा उघडले, तर तोपर्यंत मूल फडावर पोहोचलेले असते.

हंगामी व्यवस्थेत जे बसत नव्हते त्यांच्यासाठी काही संस्था लोकांच्या देणग्यांवर उभ्या राहिल्या आणि बीड जिल्ह्याचे नाव खऱ्या अर्थाने ह्या कार्याशी जोडले गेले ते त्यांच्यामुळे. शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथे दीपक व कावेरी नागरगोजे ह्या दांपत्याने २००० च्या सुमारास 'शांतिवन' सुरू केले. बाबा आमटे ह्यांच्या कार्याची प्रेरणा त्यामागे होती. प्रारंभी ऊसतोड कामगारांची मुले हंगामापुरती सांभाळावी एवढाच विचार होता. परंतु हंगाम संपला तरी काही मुलांना नेण्यास कोणी येत नाही, हे लवकरच दिसून आले. अनाथ मुले, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुले अशी भर पडत गेली व हंगामी निवारा बारमाही संस्था बनला. गेवराई तालुक्यातील 'सहारा' बालग्रामाचा आरंभ २००४ चा. त्याचे संस्थापक संतोष गर्जे हे स्वतः ऊसतोड कामगारांच्या कुटुंबातून आलेले. तमाशा कलावंतांच्या मुलांसाठी ब्रह्मनाथ येळंब येथे 'सेवाश्रम' निघाला; तेथेही आईबापांचा धंदा फिरता, हेच मूळ कारण. साताऱ्याच्या वसतिगृहाप्रमाणे येथेही धान्य, कपडे व छोट्या देणग्या ह्यांचा आधार राहिला, पण देणारे बहुधा पुण्या-मुंबईचे व परदेशी गेलेले मराठी लोक होते. देणारा व घेणारा ह्यांच्यातील अंतर वाढले हा फरक लहान नव्हे. मुठीचे धान्य देणारा शेतकरी त्या मुलाचा शेजारी होता.

ह्या सर्व प्रयत्नांत एक पक्ष जवळजवळ शेवटपर्यंत बाजूस राहिला, तो साखर कारखान्याचा. कामगार मुकादमाचे, मुकादम वाहतूकदाराचा, अशी मांडणी असल्यामुळे मुलांची जबाबदारी कायद्याने कोणावरच येत नसे. कारखान्याने जागा दिली तर तो त्याचा उपकार मानला जाई. २०२१ मध्ये राज्य शासनाने 'संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना' मंजूर केली, तेव्हा ह्यात पालट झाला. ऊसतोड कामगारांची वस्ती असलेल्या ४१ तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकी १०० विद्यार्थ्यांची, अशी तिची आखणी होती. पहिल्या टप्प्यातील २० पैकी १२ बीड जिल्ह्यात होती. योजनेस ज्यांचे नाव दिले ते भगवानबाबा (१८९६-१९६५) पाटोदा तालुक्यातील सुपे सावरगावचे. मुलांस शिकवा, हा त्यांचा उपदेश ह्या भागात आजही सांगितला जातो. कामगारांच्या कल्याणासाठी स्थापलेल्या महामंडळाकरिता गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये कारखान्यांनी व तेवढेच शासनाने द्यावयाचे, असे ठरले. रक्कम मोठी नाही. पण जे आजवर दान होते त्यास प्रथमच आकारणीचे रूप आले, आणि ऊस ज्याच्याकडे जातो त्याच्याकडून ती व्हावयाची होती.

मुलींचा प्रश्न मात्र ह्या मांडणीतही पुरता सुटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झालेले आढळले. वयात आलेली मुलगी गावी एकटी ठेवण्याची भीती व तिच्या लग्नाने एक नवा 'कोयता' पुरा होणे, ही दोन्ही कारणे त्यामागे सांगितली जातात. पहिल्या कारणावर मुलींचे वसतिगृह हा उपाय आहे. परंतु दहा-अकरा वर्षांच्या मुलीचे नाव वसतिगृहात घातले तरी तिच्या पाठचे दीड वर्षाचे भावंड आईबरोबर फडावरच जाते, आणि आई पहाटे चारला कोयता घेऊन निघाल्यावर त्याच्याजवळ बसावयास कोणीतरी हवे असते. साखरशाळांबरोबर फडावरील बालवाड्याही मागे पडल्या. त्यांची जागा घेणारी सोय जेथे नाही, तेथे वसतिगृहातील ती जागा हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच रिकामी होते.