धुळ्याचे मोडी कागद आणि स्वल्पविराम

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले, आणि पुढच्याच वर्षीं त्या गांवीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ स्थापन झालें. गांवोगांव पायपीट करून राजवाड्यांनीं मिळविलेले कागद या मंडळानें जतन केले. अशा कागदांतील एखादें मोडी पत्र श्रोत्यांपैकीं कोणीं हातीं घेतलें असेल, तर त्याला पहिली धास्ती अक्षरांची वाटली असेल. खरी अडचण पुढेंच असते. मोडी लिहिणारा आधीं आडवी रेघ ओढतो व तिला अक्षरें टांगीत जातो. शब्दाशब्दांत अंतर नाहीं, विरामचिन्ह नाहीं. ओळ तोडावयाची कोठें?

येथें हात देतो तो पत्राचा ठराविक सांचा. आरंभीं 'श्री', मग मायना, 'विनंति उपरी' येथून मजकूर, आणि तारखेच्या जागीं 'छ', म्हणजे चंद्र. 'छ'नंतर आंकडा, त्यानंतर मुसलमानी महिना, पुढें 'सु॥' आणि अरबी संख्यावाचक शब्दांत सांगितलेलें सुहूर वर्ष. समजा, 'छ ७ रबिलावल सु॥ सीत सबैन मया व अलफ' अशी तारीख आहे. सीत म्हणजे सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार; एकंदर ११७६.

सुहूर वर्ष मृगाला बदलतें. मृगापासून डिसेंबरअखेर त्यांत ५९९ मिळवावे, जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६००. वरील तारीख १७७६च्या एप्रिलमधील. घाईनें कोणीं ५९९ मिळविले तर ती एप्रिल १७७५ होते, आणि पुरंदरच्या तहानंतरचें पत्र राघोबादादांच्या व इंग्रजांच्या ऐन लढाईंतलें ठरतें!

आतां अशा पत्रांच्या याद्या संगणकावर करतां येतात. एका पत्राची एक ओळ : लेखक, स्थळ, तारीख, मध्यें स्वल्पविराम. तिचे भाग पाडून प्रत्येकाच्या आरंभीं व शेवटीं त्याच्या नांवाची खूण लावली, कीं 'एक्स्एम्एल्' नांवाची मांडणी होते. तिचें प्रमाणरूप १९९८ सालीं ठरलें. भाग पाडण्यास 'रेग्युलर एक्स्प्रेशन' उपयोगी पडतें. आंकडा, मग महिना, असा सांचा चिन्हांत लिहून दिला, कीं यंत्र तो मजकुरांतून हुडकून काढतें. ही कल्पना अमेरिकन गणिती स्टीफन क्लेनी यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केली. केन टॉम्प्सन यांनीं १९६८ सालीं ती मजकूर शोधण्याच्या कामीं लावली. जुना मोडीवाचक हेंच डोळ्यांनीं करीत असे.

मौज अशी, कीं जुनी फसगतही येथें हजर आहे. स्थळाच्या रकान्यांत 'पाटण, तालुका चाळीसगांव' असें पडलें कीं यंत्र एका गांवाचीं दोन शकलें करतें आणि तारीख भलत्याच रकान्यांत जाते. म्हणून असा भाग अवतरणचिन्हांत ठेवतात, व सांच्यांत दोन पर्याय देतात : अवतरणानें उघडलेला भाग मिटणाऱ्या अवतरणापर्यंत अखंड घ्यावा, तसा नसेल तर पुढील स्वल्पविरामापर्यंत घ्यावा. हा क्रम उलटला तर अवतरणाचा कांहींच उपयोग होत नाहीं. तारखेंतला 'व' याच जातीचा. त्यावर ओळ तोडा, अलफ वेगळा पडतो आणि ११७६चे १७६ उरतात.

५९९ कीं ६००, हें मात्र कोणत्याच सांच्यांतून निघत नाहीं. मुसलमानी महिने दरसाल सुमारें अकरा दिवस मागें सरतात. रबिलावल कधीं उन्हाळ्यांत येतो, कधीं ऐन थंडींत. तेवढ्यासाठीं जंत्री उघडावी लागते, किंवा यंत्राला ती आधीं शिकवून ठेवावी लागते.