दिनविशेष : १५ डिसेंबर १९७२ – ‘युनेप’ची स्थापना

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७२ मध्ये आजच्या दिवशी ठराव क्रमांक २९९७ संमत करून संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम, अर्थात ‘युनेप’ स्थापन केला. त्याची पायाभरणी त्याच वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत झाली होती. तेथे ११३ देशांचे प्रतिनिधी जमले होते. मात्र यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याखेरीज हजर राहिलेल्या एकमेव सरकारप्रमुख होत्या इंदिरा गांधी. गरिबी हटवल्याशिवाय पर्यावरणाचे रक्षण होणार नाही, ही विकसनशील देशांची बाजू त्यांनी ठामपणे मांडली. परिषदेचे सरचिटणीस मॉरिस स्ट्राँग हेच ‘युनेप’चे पहिले कार्यकारी संचालक झाले.

मुख्यालयासाठी केनियाची राजधानी नैरोबी निवडण्यात आली. विकसनशील देशात मुख्यालय असलेली ही संयुक्त राष्ट्रांची पहिली संस्था. ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेला १९८७ चा माँट्रियल करार ‘युनेप’च्या पुढाकाराने आकाराला आला. पुढच्याच वर्षी जागतिक हवामान संघटनेच्या साथीने ‘आयपीसीसी’ हे हवामान बदलाचा आढावा घेणारे मंडळ उभे राहिले.

संस्थेचे अधिकार मात्र तोकडेच राहिले. तिच्या नियामक मंडळावर केवळ ५८ देश होते. २०१२ च्या ‘रिओ+२०’ परिषदेत ते सर्व सदस्य देशांना खुले करण्याचे ठरले आणि जून २०१४ मध्ये नैरोबीत पहिली पर्यावरण सभा भरली. तिजोरीची भिस्त मात्र आजही मुख्यतः सदस्य देशांच्या ऐच्छिक वर्गणीवरच आहे.