मेखा, तणावा आणि कोळगावची पहाट

माझ्या नातवाची स्काऊटची पहिली छावणी यंदा नाताळात आहे. परवा त्याने आपले सामान माझ्यापुढे मांडले: दोन विजेऱ्या, उशी आणि बिस्किटांचे पाच पुडे.

"अरे, सुतळी कुठे आहे?"

"आजोबा, सुतळी कशाला? हल्लीच्या तंबूला चेन असते!"

यावर काय बोलावे? मला एकदम १९६२ सालची कोळगावची पहाट आठवली. पालघर-बोईसर रस्त्यावरचे हे गाव. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि जिल्ह्याच्या कचेऱ्या तिथे उभ्या राहिल्या. माझ्या लहानपणी मात्र तिथे गवताळ माळ होता. आम्ही बारा-तेरा वर्षांची पोरे तिथे तळ ठोकून होतो. आमच्या वाट्याला लष्कराच्या जुन्या मालातला जाड कॅनव्हासचा तंबू आला होता. तो उचलायला चौघे लागत.

तंबू मूळचा मुलांचा नव्हेच. राहुटी, डेरा, कनात, मेख, तणावा हे सारे शब्द मराठीत फौजेच्या तळावर नांदले. आमच्या पालघरजवळच, जानेवारी १७३९ मध्ये, चिमाजीअप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला आणि बाजी भिवराव तिथेच पडले. त्या फौजांची ताकद हलक्या सामानात होती. सामान आणि बुणगे वाढले की काय होते, ते पुढे १७६१ साली पानिपताने दाखवले. उशी पाहून मला हेच आठवले, पण पोराला बोललो नाही.

स्काऊटचा तंबूही लष्करातूनच आला. बेडन-पॉवेल हे इंग्रज सेनापती. मॅफेकिंगचा वेढा २१७ दिवस चालला, त्यात पोरांनी निरोप्याची कामे केली. हेरगिरीवर त्यांनी शिपायांसाठी १८९९ साली लिहिलेले पुस्तक मुलेच वाचू लागली. मग ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राऊनसी बेटावर विसेक मुलांना घेऊन त्यांनी छावणी केली. मुले झोपली ती लष्करी घंटेच्या आकाराच्या तंबूंत. १९०९ साली ही चळवळ हिंदुस्थानात आली खरी, पण सुरुवातीला आपल्या मुलांना तीत जागा नव्हती. १९१६ साली ॲनी बेझंट यांनी मद्रासला त्यांच्यासाठी निराळी संस्था काढली. पुढे अनेक संस्था झाल्या आणि ७ नोव्हेंबर १९५० ला त्या भारत स्काऊट्स आणि गाईड्स या नावाखाली एकत्र आल्या.

आमच्या टोळीत मेखांचा आणि मोगरीचा कारभार माझ्याकडे होता. मास्तरांनी बजावले होते, "निजण्यापूर्वी तणावे सैल करा." मला वाटले, सैल तंबू म्हणजे गबाळेपणा! मी ते वीणेच्या तारेसारखे ताणले. समुद्र जवळ, त्यात डिसेंबरचे दव. सुती दोर भिजला की फुगतो आणि आखडतो. पहाटे एकामागून एक मेखा उपटल्या आणि ओला कॅनव्हास आमच्या अंगावर बसला. एकाने आतून त्याला हात लावला. तिथूनच पाणी गळू लागले. शेजारच्या टोळीने खिदळत आम्हाला बाहेर ओढले. मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी मोगरी माझ्या हातात ठेवली आणि चूल पेटवायला निघून गेले. त्या शांततेची लाज मला अजून आहे.

हे सगळे ऐकून नातू विचारात पडला. मग म्हणाला, "पण आजोबा, आमचा दोर नायलॉनचा आहे. तो आखडत नाही."

"नाही आखडत," मी म्हटले, "उलट भिजला की सैल पडतो. तुला रात्री उठून ताणावा लागेल."

त्याने उशी काढली. तिच्या जागी ताडपत्रीचा तुकडा, कांबळे, लोटा आणि सुतळीची गुंडी गेली. बिस्किटांचे मात्र पाचही पुडे राहिले.