विद्यार्थी वाचक आणि ग्रंथबंदी : सातारा व सांगली परिसराच्या इतिहासातील काही प्रसंग

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ग्रंथबंदीचा विचार आजवर प्रामुख्याने पुणे आणि मुंबई या दोन शहरांच्या संदर्भात झाला आहे. छापखाने, नियतकालिके, नाट्यगृहे आणि न्यायालये तेथे असल्याने ते स्वाभाविकही होते. परंतु बंदी घातलेले पुस्तक शेवटी जेथून काढून घेतले जाते ती जागा बहुधा एखाद्या गावातील शाळा किंवा वाचनालय असते. या दृष्टीने कृष्णाकाठचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे अभ्यासण्याजोगे आहेत. जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सांगली, मिरज, जत आदी संस्थानांचा प्रदेश मिळून १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांचा त्यापूर्वीचा इतिहास बव्हंशी सामायिक आहे.

शाळा आणि ग्रंथालये यांनी कोवळ्या वयाच्या वाचकांपासून काही पुस्तके दूर ठेवावीत काय, हा प्रश्न सामान्यतः नीतीचा किंवा बालमानसशास्त्राचा मानला जातो. या परिसरातील प्रसंग पाहता मात्र वेगळेच चित्र दिसते. विद्यार्थ्यांच्या हिताचे नाव पुढे करून जेव्हा वाचनावर निर्बंध आले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या वयाचा विचार क्वचितच झाला. अडचण होती ती विषयाची. आणि त्याची झळ पुस्तकापेक्षा ते पुस्तक सुचविणाऱ्या शिक्षकाला अधिक बसली.

वाचकावरील बंदी

पुस्तकावरील बंदीपूर्वी वाचकावरील बंदी होती, याचे स्मरण येथे ठेवणे आवश्यक आहे. स्त्रीशिक्षणाचा पाया घालणाऱ्या सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. मुलीच्या हाती अक्षर येणे हेच त्या काळच्या समाजाला धोक्याचे वाटत होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भीमराव आंबेडकर यांचे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. शाळेत प्रवेश मिळाला, तरी वर्गात इतरांपासून वेगळे बसावे लागे. पुढे मुंबईत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली. एखादे पुस्तक विशिष्ट मुलाने वाचू नये असा आग्रह धरणाऱ्या समाजाला ते पुस्तक जप्त करण्याची गरजच नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह चालविले, त्या कार्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते.

१९०७ ते १९१० : सरकारचा धसका

वंगभंगानंतरच्या चळवळीत विद्यार्थी मोठ्या संख्येने उतरले. १९०७ साली हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव रिस्ले यांचे परिपत्रक निघाले. विद्यार्थ्यांनी राजकारणापासून दूर राहावे आणि तसे न घडल्यास शाळांचे अनुदान व मान्यता धोक्यात येईल, असा त्याचा रोख होता. विद्यार्थ्याला शिक्षा करण्याऐवजी संस्थेला धाक घालण्याची ही रीत पुढेही वारंवार दिसते.

याच वर्षी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक रंगभूमीवर आले. खाडिलकर मूळचे सांगलीचे. त्यांचा जन्म तेथेच १८७२ साली झाला. कथा महाभारतातील विराटपर्वाची होती, पण प्रेक्षक आणि सरकार या दोघांनीही तिचा अर्थ एकच लावला. उन्मत्त कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत पारतंत्र्यातील देश, तर युधिष्ठिर आणि भीम यांच्यात मवाळ व जहाल पक्ष दिसू लागले. नाटक सुमारे तीन वर्षे चालले.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. गोळी झाडणारे अनंत कान्हेरे औरंगाबादच्या चित्रशाळेचे विद्यार्थी होते. जॅक्सन त्या रात्री जे नाटक पाहण्यास आले होते ते ‘संगीत शारदा’, आणि त्याचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीनजीकच्या हरिपूरचे. या घटनेनंतर जानेवारी १९१० मध्ये बंदी आली ती मात्र ‘कीचकवधा’वर, आणि पुढच्याच महिन्यात नवा मुद्रण कायदा संमत झाला. ‘शारदा’ हे म्हाताऱ्याशी होणाऱ्या मुलीच्या विवाहाविरुद्धचे नाटक. अल्पवयीनांच्या हिताशी त्याचा साक्षात संबंध होता. सरकारला त्याचे काहीच सोयरसुतक नव्हते. ‘कीचकवधा’वरील बंदी पुढे उठली आणि नाटक पुन्हा रंगभूमीवर आले. दरम्यान एक पिढी त्याच्याविना शिकून मोठी झाली, असे म्हणावे तर तेही खरे नाही. जप्त वाङ्मयाचे कुतूहल जप्तीनेच वाढते.

याच काळातील दुसरे उदाहरण शाळेच्या अधिक जवळचे आहे. कोल्हापुरातून निघणाऱ्या ‘विश्ववृत्त’ मासिकात १९०८ साली पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांवरील लेख प्रसिद्ध झाला. त्यावरून राजद्रोहाचा खटला उभा राहिला व संपादक विष्णु गोविंद विजापूरकर यांना कारावास झाला. विजापूरकर राष्ट्रीय शिक्षणाचे पुरस्कर्ते होते. त्यांचे समर्थ विद्यालय तळेगाव येथे असताना १९१० साली सरकारने बंद पाडले. सातवळेकर पुढे सातारा जिल्ह्यातील औंध येथे स्थायिक झाले आणि तेथून त्यांनी वेदवाङ्मयाचे प्रचंड प्रकाशन केले. ज्या ऋचांवरील लेखासाठी खटला झाला, त्या ऋचा पाठशाळांतून मुले शतकानुशतके म्हणत होती. संस्कृतातून म्हटल्या तर निरुपद्रवी आणि मराठीतून समजावून सांगितल्या तर राजद्रोह, असा तो न्याय होता.

कायद्यातील कोवळा वाचक

स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नाला वेगळी बाजू आली. भयानक आणि हिंसक चित्रकथांच्या वाढत्या प्रसाराची चिंता इंग्लंडप्रमाणे भारतातही व्यक्त झाली आणि १९५६ साली संसदेने अल्पवयीनांना अपायकारक प्रकाशनांविषयीचा कायदा केला. गुन्हे, क्रौर्य किंवा बीभत्स घटना अशा रीतीने रंगविणारी प्रकाशने, की ज्यांमुळे कोवळे मन बिघडावे, त्यांच्यावर हा कायदा रोख ठेवतो. त्यात अल्पवयीन म्हणजे वीस वर्षांखालील व्यक्ती. एकविसाव्या वर्षी मतदान करणाऱ्या त्या काळच्या नागरिकाला ही मर्यादा विचित्र वाटली नसावी. अठराव्या वर्षी मत देणाऱ्या आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ती खचितच वाटेल.

कोवळ्या वाचकाचा मुद्दा न्यायालयापुढे आला तो चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेच्या निमित्ताने. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात ही कथा आली व अश्लीलतेचा खटला झाला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकास दोषमुक्त केले. केवळ अशा प्रसंगांचे वर्णन वाचल्याने किशोरवयीन वाचक बिघडतील असे खात्रीने म्हणता येत नाही, तसे प्रसंग त्यांच्यासमोर आयुष्यातही येऊ शकतात, असा विचार त्या निकालात आहे. ग्रंथपालांच्या प्रशिक्षणात हा निकाल सहसा शिकविला जात नाही, हे नवलच.

पुस्तक सरकारजमा करण्याची रीतही कायद्याने आखून दिली आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९५ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९८ यांनुसार हा अधिकार राज्य सरकारचा आहे. त्यासाठी अधिसूचना काढावी लागते, तीत कारणे नमूद करावी लागतात, आणि तिच्याविरुद्ध दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात दाद मागता येते. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील इंग्रजी ग्रंथावर २००४ साली घातलेली बंदी या मार्गानेच उच्च न्यायालयात २००७ मध्ये रद्द झाली व सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम केला. म्हणजे बंदी चुकीची असली तरी ती निदान लेखी होती. म्हणूनच तिच्याशी भांडता आले.

२०२४ : एक पत्र

गोविंद पानसरे यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका १९८८ साली प्रसिद्ध झाली. शिवाजी महाराजांच्या रयतविषयक धोरणाची सोप्या मराठीत ओळख करून देणाऱ्या या पुस्तिकेच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि ती विविध भाषांत गेली. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या व त्यांचा मृत्यू झाला. पुस्तिकेवर बंदी कधीही नव्हती.

ऑगस्ट २०२४ मध्ये सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात व्याख्यानाच्या प्रसंगी वाद निर्माण झाला. त्या वेळी एका प्राध्यापिकेने या पुस्तिकेचा दाखला दिला. त्यानंतर पोलिसांनी महाविद्यालयास पत्र पाठवून संबंधित प्राध्यापिकेची विभागीय चौकशी करण्यास सांगितले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे व न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने, आपण हे पुस्तक वाचले आहे काय आणि कोणत्या कायद्याखाली असे पत्र देता येते, अशी विचारणा पोलिसांकडे केली. अखेर ते पत्र मागे घेण्यात आले.

रिस्ले परिपत्रक आणि हे पत्र यांत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. राज्यकर्ते बदलले, घटना आली, विद्यार्थी मतदार झाला. पद्धत मात्र ओळखीची आहे. पुस्तकाला हात न लावता संस्थेला लिहायचे, आणि संस्थेने आपल्या माणसाला विचारायचे. अधिसूचना नाही, कारणे नाहीत, दोन महिन्यांची मुदत नाही. या प्राध्यापिकेने न्यायालयात धाव घेतली म्हणून प्रसंग कळला. प्रत्येक शिक्षकाजवळ तेवढे बळ असेलच असे नाही.

निवड आणि नकार

याचा अर्थ शाळेने कोणतेही पुस्तक कोणत्याही वयाच्या मुलासमोर ठेवावे असा होत नाही. निवड हे ग्रंथपालाचे कामच आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर गावोगावी अनुदानित वाचनालये उभी राहिली. त्यांना पुस्तके घेण्यासाठी शासनमान्य यादी असते, बालविभाग वेगळा असतो, आणि आठ वर्षांच्या मुलाच्या हाती युद्धातील अत्याचारांचे वर्णन कोणताही शहाणा ग्रंथपाल देणार नाही. पण निवडीत पुस्तक वाचलेला माणूस निर्णय घेतो व ते पुस्तक मोठ्या वाचकासाठी कपाटात राहते. नकारात बहुधा न वाचलेला माणूस निर्णय घेतो आणि ते कोणासाठीच राहत नाही. सातारा जिल्ह्यातीलच भिलार या गावी मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ हा शासकीय उपक्रम सुरू आहे. घराघरांत विषयवार मांडलेली पुस्तके कोणीही बसून वाचू शकतो, त्यासाठी चौकशी होत नाही. एकाच जिल्ह्यातील ही दोन दृश्ये एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत.

सांगलीच्या वाचनालयांनी २०१९ च्या महापुरात असंख्य ग्रंथ गमावले. कृष्णेने नेलेल्या पुस्तकांची बरोबरी कोणत्याही सरकारी जप्तीला करता आली नसती. परंतु भिजून नष्ट झालेल्या पुस्तकाची नोंद होते. दाखल नोंदवहीत त्याच्या क्रमांकापुढे शेरा पडतो, समिती बसते, निर्लेखनाचा ठराव होतो. एखाद्या पत्रानंतर वा नुसत्या दूरध्वनीनंतर ग्रंथपालाने कपाटाच्या आतल्या खणात सरकवलेल्या पुस्तकासाठी त्या नोंदवहीत रकाना नाही. वार्षिक पडताळणीत ते पुस्तक ‘उपलब्ध’ म्हणूनच मोजले जाते.