आशियाई अभ्यास : पदवी-अध्यापकांचे प्रशिक्षण

आशियातील भाषा, धर्म, इतिहास व कला यांचा अभ्यास पदवी वर्गांत आणण्यासाठी महाविद्यालयीन अध्यापकांना दिले जाणारे प्रशिक्षण. होनोलुलूच्या ईस्ट-वेस्ट सेंटरने हवाई विद्यापीठासह 1990 मध्ये असा कार्यक्रम सुरू केला. भारतात 1986 च्या शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे उघडली. त्यांतून विषयवार उजळणी वर्ग होऊ लागले (पहा : उजळणी वर्ग).

नागपूर परिसर या कामास विशेष अनुकूल आहे. तिबेट, मंगोलिया, चीन व इंडोनेशियाचे साहित्य जमवणारी डॉ. रघुवीर यांची सरस्वती विहार ही संस्था लाहोरहून नागपुरास आली व पुढे दिल्लीला गेली (पहा : रघुवीर). नागपूर विद्यापीठात पाली विभाग आहे. 1956 मधील धम्मदीक्षेमुळे बौद्ध विद्या येथे जिवंत समाजाशी निगडित आहे, आणि हेच तिचे मोठे बळ (पहा : दीक्षाभूमी). कोराडीच्या भारतीय विद्या भवन सांस्कृतिक केंद्रातील रामायण दर्शनम् सभागृहाचे उद्‌घाटन राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते जुलै 2023 मध्ये झाले. तेथील चित्रांसोबत थायलंडची रामकियेन व जावाची काकविन रामायण परंपरा तुलनेने शिकवता येते. जवळच्या कामठीतील ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार जपानी सहकार्याने उभारलेले असून ते 1999 मध्ये खुले झाले.